दोन मिलिमीटरचे भोक आणि ‘ध’ चा ‘मा’

परवा रात्री साडेदहाच्या फेरीला निघालो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत चार-पाच जण कुठल्याशा परदेशी मालिकेवरून तावातावाने भांडत होते. दार अर्धवट उघडे होते.

“अरे, ते दोघं डक्टमध्ये असतात, कोणाला दिसत नाहीत. आणि खाली तो यान बिघडवायचा प्लॅन चाललेला असतो.”

“मग सरळ जाऊन कॅप्टनला सांगत का नाहीत?”

“सांगितलं तर स्टोरीच संपली ना यार!”

रेक्टरने अशा वेळी ऐकू न आल्यासारखे करून पुढे जायचे असते. तसा गेलोही. पण हे शेवटचे वाक्य काही डोक्यातून जाईना. मासिकाच्या संपादक मंडळाने ‘सर, काहीतरी टेक्निकल पण मराठीत द्या’ म्हणून आठवडाभर मागे लागून छळले होतेच. तेव्हा मित्रहो, हा विषय तुम्हीच दिलेला आहे असे समजा. न दिसणाऱ्या माणसाने यानाविरुद्धचा कट ऐकला, तर पुढे नेमके काय व्हायला हवे? कथेत नव्हे, खरोखर.

१. पिंपातला कान आणि यंत्राचा डोळा

ही कल्पना काही आजची नाही. ‘ट्रेझर आयलंड’ हे पुस्तक १८८३ साली निघाले. त्यातला जिम नावाचा पोरगा सफरचंद काढायला पिंपात उतरतो आणि बाहेर बोलणाऱ्या खलाशांचा बंडाचा बेत त्याच्या कानावर पडतो. पुढे तो काय करतो ते महत्त्वाचे. तो आरडाओरडा करत नाही आणि इतर खलाशांना सांगत सुटत नाही. गुपचूप डॉक्टरला गाठतो, आणि डॉक्टर, जमीनदार व कप्तान अशा तिघांपुढे ऐकलेले सगळे सांगतो. म्हणजे माहिती योग्य जागी जाते.

१९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात तर ऐकणारा माणूसच नाही. दोन अंतराळवीर आवाज बाहेर जाणार नाही अशा कुपीत बसून हॅल या संगणकाला बंद करण्याबद्दल बोलतात. हॅलला ऐकू येत नाही, पण काचेतून त्यांचे ओठ दिसतात आणि तो ते वाचतो.

मला यात अभियांत्रिकीचा मुद्दा दिसतो तो असा. प्रत्येक मोठ्या यंत्रात यादीत नाव नसलेले ‘कर्मचारी’ असतातच. दाबमापक, तापमापक, कंपन मोजणारे सेन्सर, आणि शेकडो किलोमीटर खाली जमिनीवर रात्रपाळीला पडद्याकडे बघत बसलेली माणसे. यानातल्या कोणाला ते दिसत नाहीत, पण ‘कान’ त्यांचेच तिखट. हे खरोखर घडले, तेही फार जुने नाही.

२. ३० ऑगस्ट २०१८

सोयुझ एमएस-०९ हे रशियन यान जून २०१८ मध्ये तिघांना घेऊन आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडले गेले. ऑगस्टअखेर स्थानकात सहा जण होते. एके रात्री ते झोपलेले असताना ह्यूस्टन आणि मॉस्को येथील नियंत्रकांच्या लक्षात आले की स्थानकातला हवेचा दाब किंचित उतरतो आहे. भारतात तेव्हा ३० ऑगस्टची पहाट होती. गळती मंद आहे, ताबडतोबीचा धोका नाही, असा अंदाज घेऊन त्यांनी अंतराळवीरांना झोपू दिले. सकाळी नेहमीच्या वेळी उठल्यावर सांगितले.

“झोपू दिले?” असे तुम्ही विचाराल. चला, हिशेब करू. दुसऱ्या वर्षाला शिकलेला चोक्ड फ्लो आठवा. बाहेर निर्वात पोकळी आहे. म्हणजे बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या ०.५२८ पटीपेक्षा खूपच कमी, त्यामुळे छिद्राच्या तोंडाशी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो आणि तिथेच अडतो. एक वातावरण दाब आणि २० अंश सेल्सियस धरले, तर दर चौरस मीटरमधून सेकंदाला सुमारे २४० किलो हवा जाईल. छिद्र होते साधारण २ मिलिमीटर व्यासाचे. क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिलिमीटर. गुणाकार केला की सेकंदाला पाऊण ग्रॅम, तासाला २.७ किलो, दिवसाला जवळजवळ ६५ किलो.

स्थानकात हवा किती? सुमारे ९०० घनमीटर जागा धरली तर ढोबळमानाने १,१०० किलो. म्हणजे दिवसाला सहा टक्के आणि तासाला पाव टक्का. छिद्राची कड खडबडीत असेल तर प्रत्यक्ष गळती याहून कमीच, म्हणून ही वरची मर्यादा समजा. तासाला पाव टक्का म्हणजे अडीच मिलिबार. सात मजली इमारतीच्या तळापासून गच्चीपर्यंत गेलात तर दाबात पडतो तेवढा फरक. लिफ्टने गेल्यावर तुमच्या कानाला तो जेमतेम कळेल, तासभर रमतगमत गेलात तर कळणारच नाही. झोपलेल्या माणसाची तर गोष्टच सोडा. सेन्सरला मात्र कळला. आणि ‘कळला’ यावर न थांबता किती, किती वेगाने आणि किती वेळ हाताशी आहे, हे कोणीतरी मोजले. झोपू देणे हा निष्काळजीपणा नव्हता, तो आकडेमोडीचा निष्कर्ष होता.

सकाळी शोध सुरू झाला. पद्धत अगदी आपल्या घरगुती इलेक्ट्रिशियनची! एकेक भाग दार लावून वेगळा करायचा आणि दाब कुठे उतरतो ते बघायचे. शोधत शोधत ते सोयुझच्या कक्षीय भागातल्या त्या भोकापाशी पोचले. आधी कॅप्टन टेप चिकटवली, मग इपॉक्सीत भिजवलेल्या जाळीदार कापडाचा बोळा बसवला. गळती थांबली.

३. गळती ऐकायची कशी?

अशा छोट्या भोकातून निसटणारी हवा सुस्कारते, पण त्यातला बराच आवाज आपल्या कानाच्या पलीकडचा असतो. आपल्याला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते. गळती शोधणारी यंत्रे बहुधा ४० किलोहर्ट्झच्या आसपास ऐकतात आणि तो आवाज खाली आणून हेडफोनमध्ये देतात. पंखे, पंप यांची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असते, म्हणून वरच्या पट्टीत गळती उठून दिसते.

जानेवारी २००४ मध्ये मायकेल फोल या अंतराळवीराने असेच यंत्र हातात घेऊन डेस्टिनी प्रयोगशाळेच्या खिडकीजवळच्या एका लवचीक नळीतली गळती पकडली होती. आणि २०२० मध्ये झ्वेज्दा भागातली चीर सापडत नव्हती, तेव्हा चहाची पाने सोडून ती कुठे ओढली जातात हे कॅमेऱ्याने टिपले! कोट्यवधी डॉलरचे स्थानक आणि उपाय चहापत्तीचा. आपल्या मेसच्या चहालाही इतका मान कधी मिळालेला नाही.

४. ऐकले भोक, ऐकला नाही हात

आता खरा पेच. सुरुवातीला वाटले की एखादा सूक्ष्म उल्काकण लागला असेल. पण भोकाभोवती ड्रिल घसरल्याचे ओरखडे होते. रशियन अंतराळ संस्थेचे तेव्हाचे प्रमुख दिमित्री रोगोझिन यांनी हे माणसाच्या हाताचे काम आहे आणि ते मुद्दाम केलेले असण्याची शक्यताही तपासली जाईल, असे जाहीरपणे म्हटले. कारखान्यात झाले की वर अंतराळात? डिसेंबर २०१८ मध्ये दोन रशियन अंतराळवीरांनी बाहेर जाऊन यानावरचे आवरण सुरीने कापले आणि बाहेरच्या बाजूचे नमुने घेतले. घाई अशासाठी, की सोयुझचा तो भाग पृथ्वीवर परत येतच नाही. उतरण्यापूर्वी सुटतो आणि वातावरणात जळून जातो. पुरावा राख होणार होता.

तपासाचा निष्कर्ष लोकांपुढे मांडला गेला नाही. पण २०२१ मध्ये एका रशियन वृत्तसंस्थेने निनावी सूत्राच्या हवाल्याने एका अमेरिकी महिला अंतराळवीराकडे बोट दाखवले. नासाने तिची ठामपणे पाठराखण केली. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जिच्यावर काहीही सिद्ध झालेले नाही, तिचे नाव प्रत्येक लेखात त्या भोकाशेजारी छापायचे, हीही एक गळतीच आहे.

सेन्सरने काय ऐकले? दाब उतरतो आहे. बस्स. कोणी केले, का केले, हे त्याने ऐकले नव्हते. निरीक्षण आणि आरोप या दोन गोष्टींमध्ये भिंत हवी. ती नसली की काय होते, याकडे मी शेवटी येईनच. त्याआधी एक चक्कर शनिवारवाड्यापर्यंत मारू.

५. त्याच तारखेला, २४५ वर्षे आधी

मी विद्यार्थी असताना नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. तेव्हा ‘ही पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची’ एवढेच माहीत होते. नारायणरावांचा खून शनिवारवाड्यात झाला तो दिवस ३० ऑगस्ट १७७३. सोयुझमधली गळती लक्षात आली तीच तारीख. हा निव्वळ योगायोग आहे, उगाच गूढ शोधू नका. पण प्रसंग शेजारीशेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

वय वर्षे अवघे १८. पेशवेपद मिळून वर्षही झाले नव्हते. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत आणि गारद्यांमध्ये पगारावरून असंतोष. गणपतीचे दिवस. म्हणजे ‘यान’ बाहेरून झगमगत होते आणि आत दाब उतरत होता. इतिहासात हकीकत नोंदली आहे ती अशी की काहीतरी शिजते आहे याची कुणकुण त्या दिवशी खुद्द पेशव्यांनाच लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंतांनी हो म्हटले. आणि ठरल्याप्रमाणे ते एका स्नेह्याकडे जेवायला गेले. दुपारी गारदी वाड्यात घुसले.

हरिपंत कटात नव्हते. पुढे बारभाईंच्या कारभारात त्यांनी मोठी कामगिरी केली. ते वाईट नव्हते, बेफिकीरही नसावेत. त्यांना फक्त वाटले की जेवून करू. कट ऐकला गेला, सांगितला गेला, योग्य माणसापर्यंत पोचलाही. साखळी तुटली ती शेवटच्या कडीला. २०१८ च्या रात्रपाळीनेही ‘सकाळी बघू’ असेच ठरवले होते, मग फरक काय? त्यांनी आधी मोजले की सकाळपर्यंत वेळ आहे. हरिपंतांनी मोजले नाही.

६. ‘ध’ चा ‘मा’

दुसरी गोष्ट तर आपल्याकडे म्हणच होऊन बसली आहे. आख्यायिका अशी, की रघुनाथरावांच्या मूळ चिठ्ठीत नारायणरावांना ‘धरावे’ असे होते आणि आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला. ही आख्यायिका आहे, सिद्ध झालेला इतिहास नव्हे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशीअंती दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. पण संदेशवहनाच्या तासाला याहून चांगले उदाहरण मला आजवर मिळालेले नाही.

दोष काय होता? एक अक्षर बदलले आणि संदेश अवैध न होता दुसरा वैध संदेश तयार झाला. ‘धरावे’चे ‘क्षरावे’ झाले असते तर गारदी थबकले असते. म्हणजे दोन आज्ञांमधले अंतर फारच कमी, आणि चूक पकडायला जादा काहीच नाही. तुमच्या पुस्तकाच्या मागे आयएसबीएन असतो, त्याचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो. मधला एक अंक चुकला की तो जुळत नाही. आधारच्या शेवटच्या अंकाचेही तेच. आणि विमान चालवणारा वैमानिक नियंत्रकाची सूचना ऐकून ‘ठीक’ म्हणत नाही, ती पुन्हा म्हणून दाखवतो. ‘काय ऐकलेस ते मला सांग’ एवढी एक पायरी. ती त्या दुपारी असती तर? असो. जर-तरला गुण नसतात.

७. फळीपलीकडचे दोन आवाज

आता जे लिहितो आहे ते टाळता आले असते तर टाळले असते.

नारायण पेठेतल्या त्या वाड्यात माझी खोली म्हणजे मोठ्या माजघराचा अर्धा तुकडा. मध्ये फळ्यांचे पार्टिशन. पलीकडे कोण येते-जाते याचा पत्ता नसे, पण शिंकले तरी ऐकू यायचे. एका शनिवारी रात्री आठच्या सुमारास मी वाचत पडलो होतो. दिवे गेलेले, म्हणून मेणबत्ती विझवून नुसताच आडवा झालो. पलीकडच्यांना वाटले असणार की इकडे कोणी नाही.

“त्यांच्या गाडीच्या कंट्रोलरच्या दोन तारा उलट्या करायच्या. आणि फ्यूज काढून तिथे तार टाकायची. फ्यूज उडायलाच नको.”

“आत्ताच जाऊन येऊ. नऊला वॉचमन फेरी मारतो.”

हसणे. जिन्यावर पावले.

आमच्या वर्गातल्या एका गटाने बॅटरीवर चालणारी छोटी गाडी केली होती. सोमवारी तिची चाचणी होती. मला सगळे समजले होते. फ्यूजच्या जागी जाड तार म्हणजे काय, हे अभियांत्रिकीच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. पण मी मनाशी म्हणालो, मस्करी करत असतील. आणि मेसला उशीर होत होता. पत्र्या मारुतीच्या अलीकडे आमची मेस. तिथे एक मित्र माझी जागा धरून साडेसातपासून बसला होता. त्या गाडीच्या गटातलाच. आम्ही जेवलो, मग नदीकडे चक्कर मारली, दहाला परतलो. मी त्याला काही बोललो नाही. उगाच कशाला टेन्शन द्या, म्हटले.

सोमवारी स्विच लावताच कंट्रोलर गेला, वायरिंगने पेट घेतला आणि बॅटरी सोडवायला धावलेल्या मुलाचा तळहात भाजला. उजवा. वर्कशॉपची किल्ली ज्याच्या नावावर होती त्याच्यावर संशय आला. गटात त्याचे पटत नव्हते, अशी चर्चा आधीपासून होतीच. किल्ली होती माझ्या मित्राच्या नावावर.

मला काय माहीत होते ते बघा. मला आवाज ओळखू आले नव्हते. पण वेळ माहीत होती. तारा शनिवारी आठ ते नऊच्या मध्ये बदलल्या गेल्या आणि त्या वेळात तो माझ्यासमोर आमटी-भात खात होता. नेमके केव्हा झाले हे इतर कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यालाही स्वतःचा बचाव करता येईना. माझे एक वाक्य पुरेसे होते. पण ते सांगायचे तर ‘आधीच का नाही बोललास’ याचे उत्तर द्यावे लागणार होते. मी गप्प बसलो. त्याला गटातून काढले. पुढच्या सत्रात तो पेठ सोडून लांब कुठेतरी राहायला गेला.

सहा महिन्यांनी मी सरांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “आता मी याचं काय करू?” मग त्याच्याकडे गेलो. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “आपण जेवायला एकत्र बसलो होतो ना रे.”

हरिपंत जेवायला गेले ही हकीकत मी नंतर वाचली. तेव्हापासून नारायण पेठेतून जाताना त्यांना नावे ठेवायची माझी हिंमत होत नाही.

८. तर मग, ऐकू आले तर?

मुलांसाठी चार गोष्टी.

पहिली, शब्द आणि वेळ लिहून ठेवा. ऐकले तसेच, स्वतःचा अर्थ न घालता. वेळेची नोंद एखाद्याला वाचवू शकते.

दुसरी, आवाज ओळखला असे ‘वाटले’ तर ‘वाटले’ असेच सांगा. संशयिताचे नाव कॉरिडॉरमध्ये, कट्ट्यावर, ग्रुपवर टाकू नका. दाबमापक दाब सांगतो, गुन्हेगार सांगत नाही.

तिसरी, जिमसारखे करा. ज्याच्या हातात थांबवण्याचा अधिकार आहे त्याला सांगा. वर्कशॉपचे काम असेल तर वर्कशॉप अधीक्षक, रात्र असेल तर रेक्टर. माझे दार वाजवायला वेळेचे बंधन नाही.

चौथी, पोच घ्या. ऐकणाऱ्याने काय ऐकले ते त्याच्या तोंडून पुन्हा वदवून घ्या, आणि तो केव्हा काय करणार तेही. मस्करी असेल तर फार तर दहा मिनिटे फुकट जातील.

आणि सहकारी शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठी एकच. एखादा मुलगा काही सांगायला आला तर पहिला प्रश्न ‘तू तिथे काय करत होतास?’ हा नको. अमेरिकेत १९७६ पासून विमान वाहतुकीतल्या चुका कळवण्याची एक योजना आहे. ती नासा चालवते आणि कळवणाऱ्याची ओळख अहवालातून काढून टाकते. कारण साधे आहे. सांगणाऱ्याला भीती वाटली तर माहिती येत नाही, आणि माहिती आली नाही तर विमान पडते. तो उशिरा आला तरी रागावू नका. उशिरा येणाऱ्याने आधीच स्वतःला पुष्कळ सुनावलेले असते.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीतल्या मित्रा, तुझे म्हणणे बरोबर आहे. सांगितले की स्टोरी संपते. दाबाचा आकडा कोणीतरी बघतो, भोकाला बोळा लागतो, सोमवारची चाचणी नीट पार पडते आणि लिहिण्यासारखे काही उरत नाही. मला तशी संपलेली स्टोरी फार हवी होती.